बागेत एकट्यानं जाता यावं म्हणून

जपानमधल्या ओकायामा शहरात 18 मार्च 1967 रोजी अंधशाळेजवळच्या रस्त्यावर काही वेगळ्याच फरश्या बसवल्या गेल्या. त्यांच्यावर उंचवटे होते आणि ते चपलेच्या तळव्याला, काठीच्या टोकाला जाणवत होते. सेइइची मियाके यांनी त्या दोन वर्षं आधी, 1965 मध्ये तयार केल्या होत्या. मित्राची नजर जात चालली होती, त्यावर इलाज नव्हता, निदान त्याला रस्ता तरी ओळखता यावा, अशी त्यामागची हकिगत सांगतात. आज या फरश्या जगभर पसरल्या आहेत. आपल्याकडे मेट्रोच्या फलाटावर जे पिवळे पट्टे दिसतात ते हेच. लांब रेघांची फरशी म्हणजे या दिशेनं चालत राहा; गोल टिंबांची म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. सगळी लिपी एवढीच, आणि ती पायानं वाचायची.

याच ओकायामाशी पुण्याचं दुसरंही नातं आहे. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान म्हणजे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, आणि त्याचा नमुना आहे ओकायामातली कोराकुएन ही बाग. इकेदा त्सुनामासा या सरदारानं ती 1687 मध्ये करायला घेतली आणि 1700 मध्ये ती पुरी झाली. फिरत फिरत बघायची बाग असा तो प्रकार. वळण घेतलं की नवं दृश्य समोर यावं अशी वाटांची आखणी, आणि बागेबाहेरचा किल्लासुद्धा त्या दृश्यात ओढून घेतलेला. पुण्याच्या बागेतही हिरवळ, मधून वाहणारं पाणी, छोटे पूल, मासे, सगळा थाट डोळ्यांसाठी आहे.

म्हणजे एकाच गावाकडून आपण बघण्याची बाग घेतली आणि न बघता चालण्याची फरशीही घेतली. पण दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी, वेगवेगळ्या खात्यांच्या फायलींतून आल्या. बागेच्या फाटकात त्यांची गाठ सहसा पडत नाही. ती पडावी यासाठी ही पुस्तिका आहे.

ती वाचावी महापालिकांच्या उद्यान अधीक्षकांनी, कनिष्ठ अभियंत्यांनी, आराखडे काढणाऱ्या वास्तुरचनाकारांनी आणि देखभालीचा ठेका घेणाऱ्यांनी. नगरसेवकांनी वाचली तर फारच चांगलं, कारण बागेत काय बसवायचं हे पुष्कळदा तेच ठरवतात आणि त्यावर आपल्या नावाची पाटी लावतात. (त्या पाटीची अक्षरं नेहमी मोठी, ठळक, लांबून वाचता येतील अशी असतात. बागेच्या नकाशाची तशी का नसतात, हे कोडं मला सुटलेलं नाही.)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बाग दृष्टिहीन माणसाला खुली आहे असं केव्हा म्हणायचं? तो एकटा फाटकातून आत येईल, मनाला येईल त्या बाकावर जाऊन बसेल, गरज पडली तर स्वच्छतागृह शोधेल आणि कंटाळा आला की उठून घरी जाईल, तेव्हा. सुगंधी फुलांचे वाफे, ब्रेलमधल्या पाट्या, बोलणारी यंत्रं हे सगळं त्यानंतरचं. आपल्याकडे होतं उलटं. आधी वाफा होतो, फीत कापली जाते, फोटो छापून येतात, आणि वाफ्यापर्यंत जाणारी वाट होती तशीच राहते.

‘आमच्या बागेत कोणी अंध येतच नाही हो’, हे वाक्य उद्यान विभागांत हमखास ऐकू येतं. जिना नसलेल्या माडीवर कोणी जात नाही, म्हणून माडी कोणाला नको आहे असं ठरत नाही. 2011 च्या जनगणनेत देशातल्या सुमारे 50 लाख लोकांची नोंद दृष्टिबाधित म्हणून झाली. पण या आकड्यावरून विषयाचा आवाका कळत नाही. अंध म्हटलं की काळा चष्मा आणि पांढरी काठी एवढंच आपल्याला आठवतं. प्रत्यक्षात अजिबात न दिसणाऱ्यांपेक्षा अर्धवट दिसणारे कितीतरी जास्त असतात. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं अंधत्व आणि अल्पदृष्टी यांच्या निरनिराळ्या व्याख्या केल्या आहेत. काचबिंदू झालेल्याला समोरचं दिसतं, कडेचं जातं. मधुमेहानं डोळ्याचा पडदा बिघडलेल्याला समोरच्या चित्रात डाग पडलेले दिसतात. मोतीबिंदू पिकत आलेल्या माणसाला सकाळच्या तिरप्या उन्हात समोरून कोण येतंय ते कळत नाही, नुसती चकाकी. ही माणसं स्वतःला अंध म्हणवत नाहीत, प्रमाणपत्र काढायला जात नाहीत, काठीही घेत नाहीत. आणि पहाटे बागेचं दार उघडायच्या आधी बाहेर येऊन उभी असतात ती बहुतेक करून याच आजारांच्या वयाची मंडळी. हास्यक्लबात खदखदून हसणाऱ्या आजोबांनी तळ्याकाठची वाट कधीपासून सोडली आणि का सोडली, हे ते सुनेलाही सांगत नाहीत.

त्यांच्यासाठी करायचं काम अगदी स्वस्त आहे. झाडाखालचे कवडसे आपल्याला रम्य वाटतात. अल्पदृष्टीच्या माणसाला त्यांतला प्रत्येक काळा डाग खड्डा वाटू शकतो आणि खरी पायरी त्या ठिपक्यांत हरवून जाते. पायरीच्या कडेला दोनेक इंच रुंदीचा, फरशीपेक्षा ठळक वेगळ्या रंगाचा पट्टा ओढला की पायरी दिसते. रंगाचा एक डबा, आणि पावसाळा संपला की दरवर्षी एक हात. कठड्याला, बाकाच्या कडांना, पाण्याच्या नळाच्या ओट्याला तोच न्याय. हिरव्या बागेत हिरवा बाक आणि हिरवीच कचरापेटी ठेवण्याची आवड मात्र सोडावी लागेल.

आता फाटकातून आत चला. मोटारसायकली आणि गुरं शिरू नयेत म्हणून बहुतेक बागांच्या दाराशी आडवेतिडवे पाइप, फिरतं चक्र किंवा गुडघ्याएवढे खांब असतात. खांबांमध्ये साखळ्या अडकवलेल्या असतील तर काठी साखळीखालून पुढे निघून जाते आणि साखळी नडगीवर बसते. चाकाच्या खुर्चीची बाग तर तिथेच संपते. अडथळा हवाच असेल तर ठेवा, पण शेजारी निदान 90 सेंटिमीटर रुंदीची सरळ वाट असू द्या आणि तिला कुलूप घालू नका. किल्ली ज्याच्याकडे असते तो नेहमी चहाला गेलेला असतो.

पांढरी काठी काय सांगते आणि काय सांगत नाही, हे आराखडा काढणाऱ्याला माहीत असायला हवं. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांना शिकवताना रिचर्ड हूवर यांनी अमेरिकेत लांब काठी पुढे डावी-उजवीकडे फिरवत चालायची पद्धत बसवली; आपल्या अंधशाळांतही चलनवलनाच्या तासाला तिचंच शिक्षण मिळतं. ही काठी जमिनीवरचं आणि जमिनीपासून वर कमरेपर्यंतचं सांगते. छातीच्या आणि कपाळाच्या उंचीवर पुढे आलेल्या वस्तूबद्दल ती काहीच सांगू शकत नाही. म्हणून वाटेवर वाकलेली फांदी, एका खांबावर आडवी पुढे आलेली पाटी, जिन्याची तिरकी खालची बाजू ही अंधांच्या कपाळावरच्या खोकांची नेहमीची कारणं. गेल्या काही वर्षांत बागोबाग आलेल्या ओपन जिमनं त्यांत भर घातली आहे. पाय पुढेमागे झुलवायचं यंत्र जॉगिंग ट्रॅकला चिकटून बसवलेलं असतं, आणि त्यावर कोणी चढलं की त्याचा पाय ट्रॅकवरून फिरतो. काठीला यंत्राचा खांब लागेपर्यंत पाय लागून गेलेला असतो. मुलांच्या झोपाळ्याचंही तेच. यंत्रं आणि झोपाळे वाटेपासून आत घ्या, मध्ये हिरवळीची किंवा वाळूची पट्टी ठेवा, म्हणजे पायाखालचा पोत बदलला की माणूस आपोआप थांबेल. फांद्या डोक्यावर हातभर मोकळी जागा राहील इतक्या छाटा. आणि छाटलेल्या फांद्या दुपारपर्यंत वाटेवर पसरून ठेवू नका. माळीमंडळी हे जाणूनबुजून करत नाहीत; टेम्पो उशिरा येतो.

पिवळ्या फरशीबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण तिच्यावर सध्या पैसा भरपूर खर्च होतो. पुष्कळ ठिकाणी ती शोभेची वस्तू झाली आहे. रेघांची फरशी थेट झाडाच्या बुंध्यात जाऊन संपते. मॅनहोलच्या झाकणाशी ती तुटते आणि पलीकडे दोन फूट सरकून पुन्हा सुरू होते. जिथे टिंबं हवीत तिथे रेघा, जिथे रेघा हव्यात तिथे दोन्हींची आळीपाळीनं नक्षी. फरशी बसवणाऱ्याला कोणी अर्थ सांगितलेला नसतो, तो डिझाइन जुळवतो. चुकीची फरशी नसलेल्या फरशीपेक्षा वाईट, कारण तिच्यावर भरवसा ठेवून पाऊल टाकलं जातं.

आणि बागेत तिची गरज आपण समजतो तेवढी नाही, असं माझं मत आहे. काठीला सरावलेला माणूस कड धरून चालतो. वाटेच्या एका बाजूला चार बोटं उंच असा अखंड कर्ब असला, किंवा गुळगुळीत वाट संपून माती-गवत लागत असलं, तरी काठीला तेवढं पुरतं. कर्बमध्ये दर दहा फुटांवर पाणी जायला फूटभर मोकळी जागा सोडतात, ती मात्र जाळीनं झाकायला हवी. टिंबांची फरशी लागते ती निवडक जागी: फाटकाशी, दोन वाटा फुटतात तिथे, पाण्याच्या काठाला, पायऱ्यांच्या वर आणि खाली, स्वच्छतागृहाच्या वळणावर. बाकीची वाट कडेवर सोडावी. पैसे वाचतील आणि बागही पिवळी होणार नाही.

एका जागी मात्र रेघांच्या फरशीला पर्याय नाही, आणि नेमकी तिथेच ती क्वचित दिसते. आजकाल प्रत्येक नव्या बागेच्या आराखड्यात एक भलंमोठं मोकळं अंगण असतं. मधोमध ध्वजस्तंभ किंवा पुतळा, चारी बाजूंना एकसारखी चकचकीत फरशी. आराखड्यात ते रुबाबदार दिसतं. अंधाला बागेतली सगळ्यात कठीण जागा हीच, कारण तिथे धरायला कड नाही, आवाज आदळून परतेल अशी भिंत नाही, पायाखाली सगळीकडे एकच पोत. दहा पावलांत दिशा जाते. त्या अंगणातून पलीकडच्या वाटेपर्यंत एक सरळ पट्टी नेली की प्रश्न मिटतो. तिच्यावर शनिवारी फुगेवाला उभा राहणार नाही हे बघणं उद्यान विभागाचं काम.

वाट झाली की माहिती. डोळस माणूस आत शिरताना न थांबता किती गोष्टी वाचून घेतो याचा हिशेब कोणी करत नाही. बंद व्हायची वेळ, तिकिटाचा दर, तळं कुठल्या अंगाला आहे, आज कोणता भाग दुरुस्तीसाठी बंद आहे. अंध माणसाला यातलं काही मिळत नाही. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसमध्ये हा प्रश्न फार स्पष्टपणे पुढे आला. तिथे पार्कमध्ये येणाऱ्याच्या हातात एक घडीपत्रक देतात, त्यात नकाशा, छायाचित्रं, इतिहास सगळं असतं. मासिमो विन्येली यांनी 1977 मध्ये त्याचा साचा बसवून दिला आणि मांडणीचा तो उत्तम नमुना मानला जातो. पण अंधाच्या हातात तो नुसता गुळगुळीत कागद. 2014 पासून हवाई विद्यापीठातल्या युनिडिस्क्रिप्शन या प्रकल्पानं पार्क सर्व्हिसबरोबर या पत्रकांची श्राव्य वर्णनं करायला घेतली. पार्कचे कर्मचारी आणि अंध परीक्षक यांचे चमू करून वर्णनं लिहिण्याच्या स्पर्धाही ते भरवतात. अंध परीक्षकाचा फायदा असा की फुलोरा तत्काळ गळून पडतो. ‘विलोभनीय दृश्य’ म्हणून त्याला काहीच कळत नाही; नदी डाव्या हाताला आहे की उजव्या, रुंद आहे की ओढ्याएवढी, तिचा आवाज वाटेवर येतो का, हे त्याला हवं असतं.

मराठीत हे काम करण्यासाठी कोणाची उसनवारी करायला नको. ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक स्वागत थोरात यांनी फेब्रुवारी 2008 मध्ये मुंबईत सुरू केलं. म्हणजे मराठी ब्रेल लिहिणारी, तपासणारी, वाचणारी माणसं आपल्यात आहेत. तरी बागेतली ब्रेल पाटी त्यांच्यापैकी कोणालाही न दाखवता छापली जाते. मग ती उलटी बसते, किंवा ॲक्रिलिकच्या काचेआड जाते, किंवा टिंबं नुसती रंगवलेली असतात, बोटाला काहीच लागत नाही. स्टीलची असेल तर एप्रिलच्या दुपारी तिच्यावर बोट टेकवून बघावं. शिवाय ब्रेल सगळ्यांना येत नाही. उतारवयात नजर गेलेल्यांपैकी थोडेच ते शिकतात. त्यामुळे ब्रेलच्या जोडीला उठावदार मोठी देवनागरी अक्षरं हवीत आणि आवाजही हवा. क्यूआर कोड चिकटवला की काम झालं असं समजण्याची नवी पद्धत आली आहे. तो कोड नेमका कुठे आहे हे न दिसणाऱ्यानं कसं शोधायचं? बागभर तो एकाच उंचीवर लावा, त्याला बोटाला लागेल अशी चौकट करा, खांबापाशी टिंबांची फरशी ठेवा. एवढं केलं तर फोन त्याच्यासमोर धरता येईल.

श्राव्य वर्णन एकदाच करून भागत नाही, हेही इथेच नोंदवतो. दुर्गा भागवतांनी ‘ऋतुचक्र’ महिन्यांच्या क्रमानं लिहिलं, कारण आपल्याकडचा निसर्ग महिन्यागणिक कूस बदलतो. मार्चमध्ये पळस आणि काटेसावर यांच्यावर केलेलं ध्वनिमुद्रण ऑक्टोबरात खोटं पडतं. वर्षाला सहा वेळा, दोन-दोन मिनिटांचं, माळीकाकांच्याच आवाजात केलं तरी चालेल. उलट तेच उत्तम.

सुगंधी आणि स्पर्शाच्या बागांचा इतिहास आता तसा जुना आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन बोटॅनिक गार्डनमध्ये ॲलिस आयरीज यांनी 1955 मध्ये सुगंध बाग रचली. वाफे उंचावर, पानं चोळून वास घ्यायला मुभा. कोलोरॅडोत ॲस्पेनजवळ 1967 मध्ये ब्रेल पाट्यांची रानवाट झाली. मियाकेंच्या फरशीचंच हे वर्ष. आपल्याकडे लखनऊच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत आणि कालिकत विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात अंधांसाठी असे विभाग आहेत. नागपुरात पारडी भागात ‘अनुभूती’ या समावेशक उद्यानाची घोषणा 2023 मध्ये झाली, तीत कायद्यातल्या 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांचा विचार आणि स्पर्श-गंध उद्यानाचा समावेश होता.

या बागांना विरोधही झाला आणि तो अंधांच्या बाजूनंच झाला. अमेरिकेतल्या अंधांच्या संघटनांमधून प्रश्न आला, की सगळं जंगल बाकीच्यांना आणि दोरी बांधलेली पायवाट तेवढी आम्हाला, हे कशासाठी? आम्हाला फुलाचा वास येतो म्हणून आम्ही फक्त वासच घ्यायचा का? मला हा आक्षेप निम्मा पटतो. बागेच्या टोकाला, स्वच्छतागृहाच्या मागे, ‘अंधांसाठी’ अशी पाटी लावून केलेला वाफा मला नकोच आहे. पण तोच वाफा मुख्य वाटेवर, सगळ्यांच्या येण्याजाण्यात असेल तर तिथे पहिली झुंबड शाळेच्या सहलीतल्या मुलांची उडते, आणि त्यांतलं एखादं पोर न दिसणारं असेल तर त्याला वेगळं काढावं लागत नाही.

वाफा करायचाच तर विचारानं करावा. मोगरा, निशिगंध, रातराणी एका ओळीत लावले की कशाचाच वास वेगळा कळत नाही. गंधांमध्ये अंतर हवं, आणि वारा बहुतेक कुठून येतो ते बघून लावायला हवं. वेळेचंही भान हवं. पारिजातकाचा सडा पहाटेचा. रातराणी अंधार पडल्यावर उमलते आणि तेव्हा वॉचमन शिट्टी मारून लोकांना बाहेर काढत असतो. सप्तपर्णीचा दर्प पावसाळा सरल्यावर संध्याकाळी. गवती चहा, पुदिना, ओव्याचं पान, तुळस, कढीलिंब यांना मात्र वेळकाळ नाही, चोळलं की वास.

स्पर्शाच्या बाबतीत तर आपली देशी झाडं म्हणजे खजिना आहे. पारिजातकाचं पान खरखरीत, हातावरून फिरवलं की ओरखडल्यासारखं वाटतं. पळसाचं जाड, चामड्याच्या जातीचं. अर्जुनाचं खोड गुळगुळीत आणि हाताला थंड; काटेसावरीच्या खोडावर शंकूसारखे काटे, तिथे आधी सूचना हवी. कैलासपतीची फुलं शेंड्यावर न येता खोडावरच लोंबतात, हात वर न करता सापडतात. वडाच्या पारंब्या धरून मूल झाडाभोवती फिरू शकतं. मुंबईची राणीची बाग 1862 सालची. तिथल्या जुन्या वृक्षांभोवती दोन्ही हात पसरले तरी मिठी पुरत नाही, आणि झाडाचं वय कळायला त्याहून सोपी पाटी नाही. पण आपल्या बागांमध्ये पहिली पाटी असते ‘झाडांना हात लावू नये’. फुलं वाचवायची हे मान्य. खोडाला हात लावल्यानं काय बिघडतं? सावधगिरी हवी ती दुसऱ्याच ठिकाणी. कण्हेर आपण बागांत आणि दुभाजकांवर सर्रास लावतो आणि ती विषारी आहे. रुईचा चीक डोळ्याला घातक. स्पर्शाच्या वाटेवर या दोघींना जागा नाही.

हातानं जग किती खोल कळतं याचं उदाहरण म्हणून गीरात वर्मे यांचं नाव सांगतो. नेदरलँड्समध्ये जन्मलेले वर्मे लहानपणीच पूर्ण अंध झाले. पुढे अमेरिकेत ते शंख-शिंपल्यांच्या उत्क्रांतीचे नामवंत अभ्यासक झाले, आणि त्यांचं निरीक्षण बोटांनीच चालतं. शंखावरची कोणती जखम खेकड्यानं केली, हे ते चाचपून ओळखतात. अशा माणसाला लहानपणी कोणी ‘हात लावू नये’ असं सांगून थांबवलं नाही, एवढंच आपल्या कामाचं.

कानांबद्दल एकच तक्रार. बागेत सकाळी भोंग्यावर भक्तिगीतं आणि संध्याकाळी सिनेमातली गाणी लावण्याची चाल पडली आहे. ऐकणाऱ्यांना आवडतही असेल. पण कारंज्याचा आवाज, पिंपळाची सळसळ, मुलांच्या खेळण्याकडचा गलका यांवरून अंध माणूस आपण कुठे आहोत ते ठरवतो; भोंगा लागला की या सगळ्या खुणा पुसल्या जातात. तांबटाची टुकटुक आणि भारद्वाजाचा घुमारही त्यातच जातो. उरुग्वेचे हुआन पाब्लो कुलासो जन्मांध आहेत आणि पक्ष्यांचे आवाज टिपण्यात त्यांनी नाव मिळवलं आहे. आपल्याकडच्या पक्षीनिरीक्षणाच्या फेऱ्यांना अंध मुलांना बोलवायला काहीच खर्च येत नाही.

आणि वॉचमन. बाग कशीही बांधा, दारावरच्या माणसानं ‘एकटेच आलात? सोबत कोणी नाही? मग आत नका जाऊ, पडलात तर जबाबदारी कोण घेणार?’ असं विचारलं की बाकी सगळं व्यर्थ. हा प्रश्न वाईट हेतूनं विचारला जात नाही. त्याला कोणी काही शिकवलेलं नसतं आणि काही झालं तर बोलणी त्यालाच बसतात. अर्ध्या दिवसाचं शिक्षण पुरेल. दंड पकडून ओढायचं नाही, आपला कोपर पुढे करायचा. ‘तिकडे’ म्हणून बोट दाखवायचं नाही; ‘उजव्या हाताला वीसेक पावलं, मग कर्ब संपतो तिथे वळा’ असं सांगायचं. सोबतच्या माणसाकडे बघून ‘यांना कुठे जायचंय?’ असं विचारायचं नाही, ज्याला जायचंय त्यालाच विचारायचं. न मागता मदत करायची नाही आणि मागितली तर अर्धवट सोडायची नाही.

कायद्याचं थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला भारतानं 2007 मध्ये मान्यता दिली; त्याचं 30 वं कलम करमणूक, फुरसत आणि खेळ यांचं आहे. 2016 च्या कायद्यात सार्वजनिक इमारतीची आणि सार्वजनिक सोयींची व्याख्या करताना फुरसत आणि करमणूक यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा बाग कायद्याबाहेर आहे असं कोणी सांगू नये. नियम 2017 चे, आणि असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम्य करण्यासाठी कायद्यानं दिलेली पाच वर्षांची मुदत कधीच उलटून गेली. राजीव रतुरी या दृष्टिबाधित गृहस्थांनी 2005 मध्ये केलेल्या याचिकेवर 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत. केंद्रानं तीन महिन्यांत बंधनकारक मानकं करावीत. याचिकेपासून या निकालापर्यंत एकोणीस वर्षं गेली.

ही पुस्तिका हाती घेणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी एक विनंती आहे. आराखडा मंजूर होण्याआधी, निविदा निघण्याआधी, गावातल्या अंधशाळेतून किंवा संस्थेतून तीन-चार जणांना बागेत बोलवा. मुंबईत वरळीला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आहे, पुण्यात कोरेगाव पार्कला आणि कोथरूडला अंधशाळा आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणीही असं कोणी ना कोणी सापडतं. बोलावलेल्यांत एक अल्पदृष्टीचा असावा, निदान एक बाई असावी, कारण संध्याकाळी सातनंतर बागेत कोणत्या वाटेनं जायचं याचा तिचा हिशेब निराळा असतो. त्यांचा हात धरून बाग दाखवू नका. त्यांच्या मागून चाला, कुठे थांबतात, कुठे अडखळतात ते लिहून घ्या, आणि मग आराखडा दुरुस्त करा. आणि या कामाचं मानधन द्या. सल्लागार वास्तुरचनाकाराची फी ज्या लेखाशीर्षातून जाते, त्याच लेखाशीर्षातून.